शीला डिलेनी : 'अ टेस्ट ऑफ हनी'चं श्रेय, बांधणी आणि आज प्रयोग करायचा तर

रंगवाचक

ब्रिटिश नाटककार शीला डिलेनीबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक तिच्या वयापाशीच थांबतं. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या कामगारवस्तीतली मुलगी, वय १९, 'अ टेस्ट ऑफ हनी' हे पहिलंच नाटक आणि लंडनमध्ये खळबळ. हे सगळं खरं आहे. पण 'अवघ्या एकोणिसाव्या वर्षी' म्हणून झालं की नाटकाच्या बांधणीबद्दल कोणी बोलत नाही, जणू ते तिच्या हातून आपसूक घडलं.

थोडी उजळणी. जन्म २५ नोव्हेंबर १९३८, ब्रॉटन, सॅलफर्ड. वडील बस इन्स्पेक्टर. अकराव्या वर्षीची निवड परीक्षा नापास, म्हणून सेकंडरी मॉडर्न शाळा. पंधराव्या वर्षी ग्रामर स्कूलमध्ये बदली. सतराव्या वर्षी शिक्षण सोडलं. मग दुकानात विक्रेती, सिनेमा थिएटरात बॅटरी घेऊन जागा दाखवायचं काम, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कारखान्याच्या छायाचित्र विभागात नोकरी. १९५८ साली मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये तेव्हाचा नामवंत नाटककार टेरेन्स रॅटिगनचं 'व्हेरिएशन ऑन अ थीम' पाहिलं आणि यापेक्षा चांगलं आपण लिहू असं तिला वाटलं. कादंबरी म्हणून सुरू केलेला मजकूर दोनेक आठवड्यांत नाटकात बसवून तिने दिग्दर्शिका जोन लिटलवुडला पाठवला. २७ मे १९५८ रोजी लिटलवुडच्या थिएटर वर्कशॉपने पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये पहिला प्रयोग केला. १० फेब्रुवारी १९५९ला नाटक लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, वेस्ट एंडला विंडहॅम्स थिएटरमध्ये गेलं, ऑक्टोबर १९६०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला.

माझं म्हणणं असं की तिची खरी कमाई विषयात नाही, पवित्र्यात आहे. कामगारांचं घर तिच्याआधीही रंगमंचावर आलं होतं. सॅलफर्डच्याच वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही १९३३ची कादंबरी १९३४ला नाटक होऊन आली. पण डिलेनीच्या नाटकात त्या घरातलं कोणीही बाहेरच्या माणसाला आपल्या गरिबीचा खुलासा करत बसत नाही. दया मागत नाही, भाषण करत नाही. हेलन ही आई आणि जो ही तिची मुलगी थंडीवर, कॉफीवर, बिछान्यावर भांडतात, बस्स.

प्रश्न दोन. तिचा कोणता प्रभाव खरंच टिकला? आणि आज मराठीत एखाद्या गटाने हे नाटक करायला घेतलं तर ते नेमकं कुठे फसेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चष्मेबहाद्दर

उत्तम विषय. पण लिटलवुडला बाजूला ठेवून डिलेनीची बांधणी कशी मोजणार? रंगमंचावरचं जॅझ, पात्रांचं प्रेक्षकांशी थेट बोलणं, नाचत आत-बाहेर जाणं, हे सगळं लिटलवुडच्या पठडीतलं. तालमीत संहिता मोडून पुन्हा जोडणं हीच तर थिएटर वर्कशॉपची पद्धत. ब्रेंडन बेहानचं 'द हॉस्टेज' त्याच वर्षी, त्याच थिएटरात, त्याच पद्धतीने उभं राहिलं.

संहिता

चष्मेबहाद्दर, पद्धत लिटलवुडची हे मान्य. पण यात एक गोष्ट नेहमी निसटते. १९६८च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता प्रयोगाआधी लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयात मंजुरीला पाठवावी लागे. त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे तालमीत काय बदललं यावर हवेत वाद घालायची गरज उरत नाही.

आणि नाटकाचा सांगाडा पाहा. पात्रं पाच: हेलन, जो, हेलनचा प्रियकर पीटर, जोचा प्रियकर खलाशी जिमी (संहितेत नुसता 'बॉय') आणि जोबरोबर राहायला येणारा तिचा समलिंगी मित्र जेफ. अंक दोन, प्रत्येकात प्रवेश दोन. पहिल्या प्रवेशात मायलेकी सामान घेऊन नव्या खोलीत येतात, शेवटच्या प्रवेशात लेक त्याच खोलीत एकटी, बाळंतकळा सुरू झालेल्या. मधल्या काळात प्रत्येक माणूस त्या खोलीत येतो, थोडी ऊब देतो आणि जातो. पीटर हेलनला नेतो, जिमी बोटीवर परततो, जेफला हेलन हुसकावते. हा येण्याजाण्याचा आराखडा वाद्यवृंद लावून येत नाही, तो लिहिणाऱ्याचा असतो.

वस्तूंचा वापरही बघा. जो पहिल्या प्रवेशात फुलझाडाचे कंद आणते आणि लपवून ठेवते, पुढे ते वाळून मेलेले सापडतात. जिमीने दिलेली स्वस्तातली अंगठी गळ्यात दोरीला, म्हणून लग्नाच्या सकाळी हेलनच्या नजरेस पडते. जेफ आणतो ती बाहुली. या तीन वस्तूंवर अख्खं कथानक पेललंय. नवशिक्या लेखकाला हे जमत नाही असं म्हणू नये, पण जमलं तर त्याचं श्रेय तिलाच द्यावं.

नेपथ्यनाना

संहिता ताई, वस्तूंचा मुद्दा अगदी बरोबर. रंगवाचक यांच्या दुसऱ्या प्रश्नाला नेपथ्याच्या बाजूने उत्तर देतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोली फार भरणं. मळकट भिंती, पोपडे, फुटकी भांडी, दोरीवर कपडे असा सगळा 'गरिबीचा बाजार' मांडला जातो. संहितेला लागतं एवढंच: एक डबल बेड (मायलेकींना एकाच बिछान्यात झोपावं लागतं, भांडणाचं मूळ तेच), एक सोफा, एक टेबल, दोन खुर्च्या, गॅसची शेगडी, एक खिडकी, बाहेरचं दार आणि आतल्या बाजूला एक आडोसा. शिवाय उघडा बल्ब. पुढच्या पट्टीत रस्ता. जो-जिमीचे बाहेरचे प्रसंग तिथे होतात. रस्त्याला किमान ५ फूट खोली ठेवा. ३ फुटांत उरकलं तर दोघं कठड्यावर उभी राहिल्यासारखी दिसतात आणि नाचत जायला जागा उरत नाही.

खिडकीतून गॅसचा कारखाना दिसतो असा उल्लेख संवादात आहे. तो पडद्यावर रंगवू नका. हेलन बोलते तेवढं पुरे.

पहिल्या प्रवेशाचं सामान: किमान चार डाग आणि त्यातले दोन खरोखर जड. रिकाम्या सूटकेस उचलणारी नटी लगेच कळते, आणि हा प्रवेश 'आम्ही असे किती वेळा घर बदललं' हे शरीरातून सांगतो. प्रत्येक बॅगेत ६-७ किलो जुनी वर्तमानपत्रं भरा, दगड नकोत, आपटलं की वाजतात.

कंद: ट्यूलिप किंवा नार्सिसस आपल्याकडे महाग आणि सहज मिळत नाहीत. निशिगंधाचे कंद कुठल्याही नर्सरीत मिळतात आणि लांबून तसेच दिसतात. दोन संच ठेवा, एक ताजा आणि एक महिनाभर उन्हात वाळवलेला. एकच संच वापरला तर शेवटच्या प्रवेशात 'मेलेले' कंद टवटवीत दिसतात आणि सगळा प्रसंग पडतो.

प्रकाशयोजना

नाना, उघड्या बल्बबद्दल जरा जास्त लिहायला हवं. जो त्या बल्बवर रुमाल गुंडाळते. संहितेतली ही कृती सोपी वाटते पण धोक्याची आहे. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि रुमाल नायलॉनचा असला तर पाच-सात मिनिटांत जळका वास यायला लागतो. ५ किंवा ७ वॅटचा एलईडी लावा, वॉर्म प्रकाशाचा, फ्रॉस्टेड. रुमाल सुती. आणि वायर छतातून सोडताना बल्ब जोच्या डोक्यापेक्षा साधारण एक हात वर, म्हणजे तिला खुर्चीवर चढावं लागेल. खुर्चीवर चढणं महत्त्वाचं, खोली आपलीशी करण्याची तिची ती पहिली कृती आहे.

बल्ब मंचावरून 'पेटवला' की बाकीचे दिवे त्याच क्षणी वाढले पाहिजेत. अर्धा सेकंद उशीर झाला तरी प्रेक्षक हसतो. ऑपरेटरला नटीच्या हाताचा क्यू द्या, संवादाचा नको.

आणखी एक. पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश काळात उड्या मारतो: रस्त्यावर जो आणि जिमी, मग घर, मग पुन्हा रस्ता, नाताळ, हेलनच्या लग्नाची सकाळ. इथे दर वेळी काळोख केला तर प्रवेश दहा मिनिटांनी लांबतो आणि लय मरते. काळोख नको. रस्त्याची पट्टी आणि खोली असे दोन स्वतंत्र विभाग ठेवा, एक उतरताना दुसरा चढू द्या, आणि संगीताने जोडा. लहान सभागृहात १२ ते १४ दिव्यांत हे होतं.

गुळपोळी

निशिगंधाचे कंद! वाचनखूण साठवली. आमच्या बाल्कनीतल्या कुंडीकडे आता संशयाने बघतेय.

बापू_गिरणगावकर

चर्चा छान चाललीय पण एक विचारतो. कामगाराचं नाटक म्हटलं की आपल्याला सॅलफर्डला का जावं लागतं? अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. 'अकलेची गोष्ट', 'माझी मुंबई' ही वगनाट्यं हजारोंच्या सभेत झाली. डिलेनीच्या कितीतरी आधी. त्यांच्यावर असा धागा कधी निघतो?

रंगवाचक

बापू, निघालाच पाहिजे, आणि तुम्ही काढलात तर पहिला प्रतिसाद माझा. पण दोघांना एकमेकांसमोर उभं करू नये. अण्णाभाऊंच्या वगात मागे चळवळ होती, समोर तिचाच प्रेक्षक होता. डिलेनीच्या मागे संघटना नव्हती. तिच्या नाटकात युनियन नाही, संप नाही, कारखानासुद्धा जवळजवळ नाही. आहे ती एका बाईची आणि तिच्या मुलीची खोली. गिरणगावात बायाही गिरणीत होत्या, खानावळी चालवत होत्या. त्यांच्या खोलीतलं असं नाटक, त्यांच्यातलीच एखादी लिहिते आहे, असं आपल्याकडे किती झालं? डिलेनीकडे जावं लागतं ते या जागेसाठी.

कामगार_रंगभूमी

दोन्ही बाजूंना जोडणारा एक धागा आहे. थिएटर वर्कशॉपची मुळं डाव्या चळवळीतच होती. लिटलवुडबरोबर तो गट उभा करणारा इवन मॅकॉल हा सॅलफर्डच्या ब्रॉटनचा, डिलेनीच्याच भागातला. त्यांनीही आधी रस्त्यावर आणि कारखान्याच्या दाराशी प्रचारनाट्यं केली होती. म्हणजे बापूंच्या कलापथकाचं हे तिकडचं भावंडच.

आणि आपल्या कलाकारांना या नाटकात सर्वात सोपं जाईल ते म्हणजे हेलनचं प्रेक्षकांकडे वळणं. बाहेरचे दिग्दर्शक त्याला जर्मन नाटककार ब्रेख्तचं तंत्र म्हणून शिकवतात आणि नटी अवघडते. ज्याने बतावणी ऐकलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. हेलन आणि जो यांचे संवाद इंग्रजी म्युझिक हॉलच्या (गाणी-विनोदांच्या लोकप्रिय खेळांच्या) जोडगोळीच्या चालीवर आहेत: एकीने टाकायचं, दुसरीने उचलून परत मारायचं, मध्येच एकीने प्रेक्षकाला साक्षी धरायचं. तालमीत आधी सगळा पहिला प्रवेश भावनेशिवाय, नुसत्या वेगात म्हणून घ्यावा. टाळी कुठे पडते ते कळलं की मग दुखरी जागा आपोआप दिसते. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी 'दुःख' शोधलंत, तर दोघी पहिल्या पाच मिनिटांत रडवेल्या होतात आणि पुढे दोन तास काढायचे असतात.

विंगेतून

+१. हेलनला खलनायिका करणं ही दुसरी नेहमीची चूक. ती मुलीला नाताळात एकटं सोडून जाते, हे खरं. पण तिच्याच तोंडी नाटकातले सर्वात हुशार विनोद आहेत. १९५८ला ही भूमिका एव्हिस बनेजने केली, जो फ्रान्सिस क्युका, जेफ मरे मेल्विन, पीटर नायजेल डॅव्हनपोर्ट. ब्रॉडवेला हेलन अँजेला लॅन्सबरी आणि जो जोन प्लोराइट, जिला त्यासाठी टोनी पुरस्कार मिळाला. तिथे ३७६ प्रयोग झाले. हेलन आणि जो यांच्या वयातलं अंतर ब्रॉडवेला प्रत्यक्षात नव्हतंच जवळपास, तरी चाललं, कारण हेलन म्हणजे म्हातारी आई नव्हे. चाळिशीची, अजून आरशात बघणारी बाई आहे ती. आपल्याकडे लगेच केसांना पांढरं लावतात. नका लावू.

अनघा_क

जेफबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते टिकलेल्या प्रभावातला मोठा वाटा याचा आहे.

१९५८ साली इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा होता, तो अंशतः रद्द झाला १९६७ला. लॉर्ड चेंबरलेनचं कार्यालय हा विषयच रंगमंचावर येऊ देत नसे. ती बंदी थोडी सैल झाली नोव्हेंबर १९५८मध्ये, म्हणजे या नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर सहा महिन्यांनी. तरी नाटक मंजूर झालं. जेफला खोलीच्या मालकिणीने का काढलं हे जो खोदून खोदून विचारते आणि तो तपशील देत नाही. ती फार ताणते तेव्हा तो जायला निघतो.

नटाने इथे काय करावं? काहीच 'दाखवू' नये. हात, चाल, आवाज यांतून जेफ 'कळवायला' गेलात की तो विनोदी नोकर होतो. त्याच्या हातात कामं आहेत: खोली झाडणं, केक भाजणं, बाळाचे कपडे शिवणं. ती कामं नीट यायला हवीत. सुई खरोखर ओवता आली पाहिजे, टाका खरा पडला पाहिजे. रंगमंचावर खोटं शिवणकाम तिसऱ्या रांगेतूनही कळतं. रॅटिगनच्या नाटकात असा माणूस ज्या आडून आडून पद्धतीने आला त्याचा डिलेनीला राग होता. तिने त्याला झाडू दिला, केक दिला, आणि नाटकातला सर्वात जबाबदार माणूस केला.

मेल्विनने सिनेमातही हीच भूमिका केली. १९६२च्या कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक त्यालाही मिळालं आणि जो करणाऱ्या रीटा टशिंगहॅमलाही.

चष्मेबहाद्दर

अनघा, सुंदर प्रतिसाद. पूर्वपरीक्षणाचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. ब्रिटनने ही पद्धत १९६८ला मोडीत काढली. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवण्याची पद्धत त्यानंतरही राहिली. १९७२च्या 'सखाराम बाइंडर'चं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे नाटक करणाऱ्या गटाने तारीख ठरवण्याआधी संहिता मंडळाकडे द्यावी. अनेक गट सभागृह आधी घेतात आणि प्रमाणपत्रासाठी शेवटच्या आठवड्यात धावतात. शेवटच्या क्षणी बदल सुचवले गेले तर पाठांतर झालेल्या नटांना ते पेलत नाहीत.

मँचेस्टरचा_मावळा

थोडी स्थानिक माहिती. डिलेनीने पाहिलेलं सॅलफर्ड आज शोधून सापडत नाही, त्या गल्ल्या आणि विटांची जोडघरं साठच्या-सत्तरच्या दशकांत पाडली गेली. ते बघायचं तर दोन गोष्टी. एक, केन रसेलने १९६०मध्ये बीबीसीच्या 'मॉनिटर'साठी केलेला छोटा माहितीपट, त्यात ती स्वतः शहराबद्दल बोलते. दुसरा टोनी रिचर्डसनचा १९६१चा सिनेमा, छायाचित्रण वॉल्टर लासली. तो स्टुडिओच्या सेटवर नाही, खऱ्या जागांवर चित्रित झाला: कालवे, धक्के, रस्त्यात गाणारी मुलं. पटकथा डिलेनी आणि रिचर्डसन दोघांची, त्या पटकथेला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

शहराने सुरुवातीला तिला डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. शहराची बदनामी केली म्हणून स्थानिक वर्तमानपत्रात टीका झाली. आज २५ नोव्हेंबरला सॅलफर्डमध्ये तिचा दिवस साजरा होतो. अभ्यास करणाऱ्यांसाठी क्रेसेंट रस्त्यावरचं वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी हे ठिकाण सांगून ठेवतो, कामगार चळवळीवरचा उत्तम संग्रह आहे.

कोकणचा_कोंबडा

मला डिलेनी माहीत नव्हती पण 'अ टेस्ट ऑफ हनी' हे गाणं बीटल्सच्या पहिल्या अल्बममध्ये ऐकलंय. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

विंगेतून

आहे. बॉबी स्कॉटने ती चाल १९६०च्या ब्रॉडवे प्रयोगासाठी बांधली, शब्द नंतर आले. बीटल्सनी १९६३ला गायलं. मूळ लंडनच्या प्रयोगात ती चाल नव्हती, म्हणून प्रयोगात ती वाजवायचा मोह टाळा. प्रेक्षक चाल ओळखतो आणि नाटकातून बाहेर पडतो. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स'चा गायक मॉरिसीनेही तिच्या ओळी आपल्या गाण्यांत उघडपणे घेतल्या, आणि त्यांच्या १९८७च्या 'लाउडर दॅन बॉम्ब्स' अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो आहे.

नेपथ्यनाना

संगीताचा विषय निघालाच आहे तर: जॅझ त्रिकूट आणायला बजेट नसेल तर रेकॉर्ड लावू नका. जिवंत वादक हवा, कारण हेलन त्याच्याशी बोलते. एक क्लॅरिनेट आणि एक साइड ड्रम पुरतात. ब्रासबँडमधला वाजवणारा मिळाला तर उत्तम, त्याच्याकडे रस्त्याचा आवाज असतो. फक्त दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात ड्रमवर कापड टाका आणि काठीऐवजी ब्रश वापरा, नाहीतर पहिल्या चार रांगांना संवाद ऐकू येत नाहीत.

संहिता

आता अवघड प्रश्न. जिमी. तो कृष्णवर्णीय खलाशी. जो त्याच्यात आफ्रिका शोधते तेव्हा तो आपण कार्डिफचे असं सांगतो. प्रयोगानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या शेवटी, लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये वर्णद्वेषी दंगल झाली. मराठीत करताना याचं काय करणार? नटाला काळा रंग फासणं हा पर्याय नाहीच. तो अपमान आहे.

अनघा_क

रूपांतर करून जिमीला दलित करावं असं सुचवणारे भेटतात. मला ते पटत नाही. वर्ण दिसतो, आणि नाटक त्याच्या दिसण्यावर उभं आहे: जेफची बाहुली जो फेकून देते कारण तिचा रंग चुकलाय, आणि मूल काळं असेल हे ऐकून हेलन उठून दारू प्यायला जाते. जात अशी बाळाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. ती आडनावातून, वस्तीतून, चौकश्यांतून कळते. बदल केलात तर बाहुलीचा प्रसंग कोसळतो आणि त्याबरोबर शेवटही.

कामगार_रंगभूमी

अर्धवट सहमत. बाहुलीचा प्रसंग कोसळतो हे खरं, पण म्हणून जातीचं नाटक होऊ शकत नाही असं नाही. ते वेगळं नाटक होईल आणि ते नव्यानेच लिहावं लागेल, डिलेनीच्या नावावर नव्हे. मात्र अनुवाद करायचा असेल तर सॅलफर्ड सॅलफर्डच राहू द्या. जो, हेलन, जेफ हीच नावं, पौंड-शिलिंग हीच नाणी, आणि तोंडी साधी बोलीभाषा. मालवणी किंवा घाटी लहेजा चढवला की प्रेक्षक लहेजावर हसतो, विनोदावर नाही. आणि जिमीसाठी भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या किंवा इथे शिकणाऱ्या आफ्रिकी कलावंतांचा शोध घ्या. भूमिका लहान आहे, पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापुरती, पाठांतर फार नाही.

त्याला नुसतं 'परका' म्हणून उभं करू नका. खलाशी होण्याआधी तो रुग्णालयात परिचारक होता, जोला सर्दी होते तेव्हा औषध तोच देतो. नाटकातला सर्वात मृदू प्रसंग त्याचा आहे.

गुळपोळी

एक व्यवहाराची शंका. दुसऱ्या अंकात जो गरोदर आहे. नुसती उशी बांधून चालतं का?

विंगेतून

नाही. दोन वेगवेगळी पोटं लागतात, पहिल्या प्रवेशाला पाच-सहा महिन्यांचं आणि दुसऱ्याला पूर्ण दिवसांचं. सुती बनियनवर कापसाचा थर शिवून घ्या, त्याच्या खालच्या भागात तांदळाची पिशवी. दुसऱ्या पोटाला दीड ते दोन किलो वजन हवं म्हणजे चाल, बसणं, उठणं आपोआप बदलतं. हलकी उशी वर सरकते आणि नटी सतत हाताने खाली ओढत राहते. वजनाचं पोट तालमीत किमान शेवटचे दहा दिवस रोज घालावं. आणि दोन प्रवेशांच्या मध्ये बदलायला साधारण दीड मिनिट लागतं, तेवढं संगीत ठेवा.

चष्मेबहाद्दर

मूळ पहिल्या प्रश्नाकडे येऊया का? टिकलेला प्रभाव. सगळे तिचं एकच नाटक धरून बसलेत. १९६०चं 'द लायन इन लव्ह' कव्हेंट्रीला आणि मग लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला झालं, टीकाकारांनी झोडलं, आणि त्यानंतर तिचं नाव रंगभूमीवर फारसं दिसलं नाही. एका नाटकाचा प्रभाव किती मानायचा?

रंगवाचक

'द लायन इन लव्ह' पुन्हा वाचायला हवं असं मी आग्रहाने म्हणेन. बाजारात सूटकेस उघडून खेळणी विकणारा फ्रँक, दारू पिणारी किट, घराबाहेर पडू बघणारी मुलं. पात्रं जास्त, कथानक सैल, हे खरं. पण तिने पहिल्याचीच नक्कल केली नाही. आणि ती गप्पही बसली नाही: अल्बर्ट फिनीने दिग्दर्शित केलेला 'चार्ली बबल्स' (१९६७), ब्रिटनमध्ये फाशी झालेली शेवटची बाई रूथ एलिस हिच्यावरचा 'डान्स विथ अ स्ट्रेंजर' (१९८५), दोन्ही पटकथा तिच्या. १९६३चं 'स्वीटली सिंग्ज द डाँकी' हे गद्य. २० नोव्हेंबर २०११ला ती गेली तोपर्यंत ती लिहितच होती. रंगभूमीने तिला दुसरी संधी लवकर दिली नाही.

प्रभावाचं म्हणाल तर तो ठरावीक जागी दाखवता येतो. डिसेंबर १९६०मध्ये टोनी वॉरनची 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिका सुरू झाली, तीही सॅलफर्डच्या गल्लीवरून, आणि त्यातल्या तोंडाळ, हजरजबाबी बायका हेलनच्या जातकुळीतल्या. २०१४ला नॅशनल थिएटरने 'हनी' पुन्हा केलं, तेव्हा लेस्ली शार्प हेलन होती.

कामगार_रंगभूमी

आणि अँड्रिया डनबर. ब्रॅडफर्डच्या बटरशॉ वसाहतीतली. 'द आर्बर' तिने पंधराव्या वर्षी शाळेचा प्रकल्प म्हणून लिहायला घेतलं, १९८०मध्ये रॉयल कोर्टने केलं. मग 'रीटा, सू अँड बॉब टू' १९८२, 'शर्ली' १९८६. १९९०मध्ये २९व्या वर्षी गेली. डिलेनीला वाचून तिने लिहिलं असा दावा मी करत नाही. पण ते नाटक हातात आलं तेव्हा अशा मुलीची भाषा जशीच्या तशी रंगमंचावर चालते हे रॉयल कोर्टला कोणाला पटवावं लागलं नाही. ते २२ वर्षांपूर्वी स्ट्रॅटफर्ड ईस्टला सिद्ध झालं होतं. प्रभावाचा अर्थ मी असा घेतो, दार उघडं राहणं.

बापू_गिरणगावकर

रंगवाचक, पटलं. वगनाट्यावरचा धागा मी काढतो. पण एक सांगा, हे नाटक मराठीत आणायचं तर हक्कांचं काय? आपल्याकडे 'परदेशी आहे, कोण विचारतंय' म्हणून रेटून नेतात.

संहिता

रेटू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे डिलेनीचे २०७१च्या अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं. अनुवादाचा हक्क वेगळा आणि प्रयोगाचा वेगळा, दोन्ही लेखी घ्यावे लागतात. पत्रात हे लिहा: सभागृह आणि आसनसंख्या, प्रयोगांची संख्या, तिकीटदर किंवा मोफत, भाषा, अनुवादकाचं नाव, आणि संहितेत काही बदल करणार का. जिमीचं पात्र बदलणार असाल तर ते आधीच सांगावं लागेल आणि नकार येण्याची तयारी ठेवावी लागेल. स्पर्धेसाठी करायचं असेल तर प्रवेशिकेच्या आधी किमान चार-सहा महिने पत्र पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि स्पर्धेचे आयोजक परवानगीची प्रत मागू शकतात.

प्रकाशयोजना

चार-सहा महिने हाताशी असतील तर तेवढ्यात अनुवाद आणि पहिलं वाचन होऊन जाईल. वाचनाला पाच नट आणि तो क्लॅरिनेटवाला पहिल्या दिवसापासून बोलवा. वादक शेवटच्या आठवड्यात आला की हेलन त्याच्याशी बोलत नाही, त्याच्याकडे बघून संवाद म्हणते.